वाकलेला एक्सल, तुटलेला शाफ्ट आणि तुमची पत्रं

पावसाळा सरला की मला येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो: ओढ्याच्या पाण्याखालचे खड्डे, चिखलातून ओढून काढलेल्या गाड्या आणि मागच्या एक्सलमधून यायला लागलेले आवाज. यंदाच्या ढिगातून चार पत्रं निवडली आहेत. मी १९७९ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उमेदवारीला लागलो आणि पुढे स्वतःचं दुकान टाकलं. तेव्हापासून हाताखालून सर्वांत जास्त गेले असतील ते जीपचे मागचे एक्सल. त्यामुळे पहिलं उत्तर लांबलं आहे. ते तसंच राहू दिलं, कारण त्या शेतकरी भावाची अडचण गावोगावची आहे.

प्रश्न: माझी १९९४ ची महिंद्रा एमएम ५४० आहे. ऑगस्टमध्ये युरियाची १४ पोती घेऊन ओढा ओलांडताना मागचं डावं चाक खड्ड्यात आदळलं. तेव्हापासून डावा टायर आतल्या कडेनं झिजतोय, डाव्या ड्रममधून तेल गळतंय आणि गाडी सुटताना मागून ‘ठक्’ असा आवाज येतो. एका गॅरेजवाल्यानं पूर्ण एक्सल बदलायचा म्हणून ५० हजारांच्या वर खर्च सांगितला. दुसरा म्हणतो, गॅस मारून घणानं सरळ करून देतो, दोन हजार द्या. माझी ऐपत १५ हजारांची आहे. काय करू?
— एक शेतकरी, तालुका गगनबावडा

उत्तर: भाऊ, १५ हजारांत तुमचं काम बसेल असं मला वाटतं. पण मोजमाप झाल्याशिवाय दोघांपैकी कुणालाही एक रुपया देऊ नका. ५० हजारवाल्यानं मोजलेलं नाही आणि दोन हजारवाल्यानंही नाही.

पहिल्यांदा गाडीखाली जा आणि पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बघा. पाट्यांच्या मधला सेंटर बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट सैल झाले, की एक्सल पाट्यावर मागे-पुढे सरकतो आणि सुटताना ‘ठक्’ वाजतं. पाट्याच्या पुढच्या डोळ्यापासून एक्सलच्या नळीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना टेपनं मोजा. दोन्हीकडे सारखं आलं तर पुढे चला. डावीकडे फरक निघाला तर एक बोल्ट बदलून निम्मा आजार जाईल.

आता खरं मोजमाप. अंगणातली सपाट जागा निवडा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. मागचा एक्सल पाट्यांच्या जागेखाली भक्कम स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून गाडीखाली कुणी जायचं नाही. दोन्ही मागच्या टायरवर मधोमध खडूनं एक खूण करा. दोन्ही खुणा पुढच्या बाजूला, एक्सलच्या उंचीवर आणा आणि त्यांच्यातलं अंतर मोजा. मग चाकं अर्धा फेरा फिरवून त्याच खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीवर आणा आणि पुन्हा मोजा. तीच खूण दोन्हीकडे वापरल्यामुळे रिम थोडी वाकडी असली तरी फसगत होत नाही. दोन्ही मापांत दोन-तीन मिलीमीटरचा फरक असेल तर मी त्याला हात लावत नाही. ७०० मिलीमीटर व्यासाच्या टायरवर १२ मिलीमीटरचा फरक म्हणजे पूर्ण एक अंश. तेवढ्यानं टायर काही महिन्यांत खलास होतो.

दुसरं माप ओळंब्याचं, गवंड्याकडे असतो तोच. तो चाकाशेजारी सोडा आणि दोरीपासून रिमची वरची व खालची कड किती लांब आहे ते मोजा. १६ इंची रिमवर वर-खाली सात मिलीमीटरचा फरक म्हणजे साधारण एक अंश. तुमचा टायर आतून झिजतोय, म्हणजे चाकाचा माथा आत झुकला असणार. भार पाट्यांच्या जागेवर खाली दाबतो आणि जमीन चाकाला वर ढकलते, म्हणून नळीचं टोक वर उचललं जातं. युरियाचं पोतं ४५ किलोचं, म्हणजे १४ पोत्यांचे ६३० किलो तुमच्या मागे होते. त्यात चाक खड्ड्यात आदळलं. आधी थोडी वाकलेली नळी त्या दिवशी पुरती वाकली असण्याचीही शक्यता आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची परीक्षा, आणि हिला काहीही खर्च नाही. ओळंबा तसाच ठेवून चाक सावकाश हातानं फिरवा. फिरवताना माप बदलत राहिलं, चाक लटपटलं, तर शाफ्ट (नळीच्या आतला, चाक फिरवणारा दांडा) किंवा रिम वाकली आहे. चाक सरळ फिरतंय, माप जागचं हलत नाही, पण चाक एकाच बाजूला झुकलेलं आहे, तर वाकलंय ते हौसिंग, म्हणजे मधला गोळा आणि नळ्या मिळून झालेलं एक्सलचं बाहेरचं कवच. या एका फरकावर तुमचा सगळा खर्च ठरतो. हौसिंग सरळ होतं. शाफ्ट वाकला असेल तर मी तो सरळ करत नाही, बदलतो.

तुमच्या पत्रावरून मला हौसिंगच दिसतंय. नळी वाकली की शाफ्ट सीलच्या (तेल अडवणाऱ्या रबरी कडीच्या) मधोमध फिरत नाही, सीलची कड एका बाजूनं दाबली जाते आणि तेल ड्रममध्ये उतरतं. नुसतं सील बदललंत तर महिन्याभरात पुन्हा गळेल.

या जातीच्या एक्सलमध्ये मधला गोळा बिडाचा असतो आणि दोन्ही बाजूंच्या पोलादी नळ्या त्यात ठोकून बसवून, भोकांतून वेल्ड भरून पक्क्या केलेल्या असतात. दोन हजारवाला गॅस मारून घण घालणार म्हणतोय ते मला का नको वाटतं, ते यात आहे. लालभडक तापवलेल्या नळीवर घण बसला की नळी अंडाकार होते, बेअरिंगची बैठक गोलाई सोडते आणि धक्का जातो थेट बिडात. बीड वाकत नाही, तडकतं. तो गोळा तडकला तर १५ हजारांत काही उरणार नाही.

सरळ करायची रीत वेगळी आहे. डिफरन्शियल (मधल्या गोळ्यातला गिअरांचा संच) आणि शाफ्ट बाहेर काढून हौसिंग धुऊन घ्यायचं. हौसिंगपेक्षा लांब, जाड चॅनल खाली ठेवायचा, साखळीनं दोन ठिकाणी आवळायचा आणि वाकलेल्या जागी हायड्रॉलिक जॅकनं थंडच दाबायचं. थोडं दाबून सोडायचं, मोजायचं, पुन्हा दाबायचं. पोलाद थोडं परत उसळतं, म्हणून हव्या त्या रेषेच्या जरा पुढे न्यावं लागतं. किती पुढे, ते हाताला सवयीनं कळतं. शेवटची मिलीमीटरभर कसर आम्ही आचेनं काढतो. बाकाच्या बाहेरच्या, म्हणजे ताणल्या गेलेल्या अंगाला रुपयाएवढा ठिपका गॅसनं तापवायचा आणि आपोआप गार होऊ द्यायचा. गार होताना तो ठिपका आकसतो आणि नळीला आपल्याकडे खेचतो. पाणी मारायचं नाही.

सरळ झालं हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. ज्या दुकानात काम द्याल तिथे विचारा, ‘बार आहे का?’ बार म्हणजे हौसिंगच्या आरपार जाणारा एक सरळ गज, आणि बेअरिंगच्या बैठकींत अचूक बसणाऱ्या, मध्ये भोक असलेल्या चकत्या. गज दोन्ही टोकांना आणि मध्ये न अडखळता सरकला तर हौसिंग सरळ. हा बार लेथवर कुणीही करून देतो. ज्याच्याकडे बार नाही आणि करायची तयारीही नाही, त्याच्याकडे काम देऊ नका. तिथेच असताना नळी आणि बीड यांच्या सांध्यावर रंगाचा एक पट्टा आडवा ओढून घ्या. पुढे कधी तो पट्टा सांध्यावर तुटून सरकलेला दिसला तर समजा, भरलेला वेल्ड सुटून नळी बिडात फिरतेय.

सरळ केलेली नळी पुन्हा त्याच जागी वाकू पाहते, म्हणून खालून पट्टीचा आधार वेल्ड करून घेतात. मीही देतो, पण माझ्या अटींवर. वेल्डिंग नळीवरच करायचं, बिडावर साधा रॉड चालत नाही. एका दमात लांब वेल्ड न ओढता दोन-दोन इंचांचे टाके आलटून पालटून डावी-उजवीकडे घालायचे, नाहीतर सरळ केलेलं वेल्डच्या ओढीनं पुन्हा वाकेल. एक्सल गाडीवर असताना कुणी वेल्डिंग करत असेल तर बॅटरीच्या वायरी काढा आणि अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी शेजारी हौसिंगवरच लावा. तो चिमटा चासीला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलरवर बारीक खड्डे पडतात. नवं बेअरिंग आवाज करतंय म्हणून लोक माझ्याकडे येतात, तेव्हा मी हे आधी विचारतो.

राहिला ‘ठक्’ आवाज. चाकाच्या मधली टोपी काढा. आत स्प्लिट पिन घातलेला मोठा नट दिसला तर तुमचा शाफ्ट टेपरचा आहे. म्हणजे हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर चावीनं (खाचेत बसणाऱ्या पोलादी तुकड्यानं) बसलेला आहे. नट नसेल आणि शाफ्टला अखंड चकती असेल तर आवाज दुसरीकडे शोधावा लागेल: युनिव्हर्सल जॉइंट, क्राउन-पिनियनचा (डिफरन्शियलमधल्या मोठ्या-छोट्या दातेरी चाकांच्या जोडीचा) प्ले, म्हणजे ढिलाई. टेपर असेल तर मला चावी सैल झाल्याचा संशय आहे. हब काढायला पुलरच (ओढून काढायचं अवजार) वापरा, भाड्यानं मिळतो. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारू नका, तो मार आतल्या बेअरिंगवर आणि दोन शाफ्टांच्या मधल्या ठोकळ्यावर जातो. टेपरला मार्करची शाई लावून हब हातानं दाबून फिरवा आणि काढा. शाई तीन चतुर्थांश तरी पुसली गेली पाहिजे. कमी असेल तर वाल्व घासायच्या पेस्टनं दोघांना एकमेकांवर घासून बसवा आणि पेट्रोलनं धुवा. चावीची खाच रुंद झाली असेल किंवा तिच्या कोपऱ्यातून केसासारखी चीर निघाली असेल तर शाफ्ट भंगारात.

बसवताना टेपर कोरडा ठेवा, ग्रीस लावू नका. नट किमान १५० फूट-पौंडांनी आवळायचा. टॉर्क पाना नसेल तर एक मीटर लांब पाइपच्या टोकाला साधारण २१ किलोचा जोर, असा हिशेब धरा. पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढेच आवळा, भोकासाठी मागे कधी सोडू नका. थोडे दिवस गाडी चालली की पिन काढून पुन्हा एकदा तपासा. शाफ्टचा आत-बाहेर प्ले ब्रेकच्या बॅकप्लेटमागच्या शिमांनी (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) ०.१० ते ०.२० मिलीमीटरमध्ये आणायचा, आणि हे डायल गेजशिवाय होत नाही.

तेलानं भिजलेले ब्रेक लायनर टाकून द्या. ते पेट्रोलनं धुऊन, पेटवून तेल जाळायची पद्धत मी खूप पाहिली आहे. पहिल्या उतारावर लायनर तापतो आणि आत मुरलेलं तेल पुन्हा बाहेर येतं. लायनर दोन्ही बाजूंचे बदलायचे, नाहीतर ब्रेक एकीकडे ओढेल.

पैशांचं बोलायचं तर गेल्या दिवाळीनंतर माझ्याकडे अशीच एक जीप झाली, तिचा हिशेब देतो. हौसिंग सरळ करणं आणि आधाराची पट्टी ४,०००, दोन्ही बाजूंची बेअरिंगं ३,२००, सील ५००, लायनर १,४००, भंगारातला तपासलेला शाफ्ट १,८००, गिअर ऑइल ७००, मजुरी २,५००. एकूण १४,१०० रुपये. त्या मालकानं एक्सल स्वतः खाली उतरवून, धुऊन आणला होता, म्हणून मजुरी कमी लागली. तुम्हीही तसंच करा. बेअरिंग आणि सील मात्र नवीच घ्या, आणि बेअरिंगची बाहेरची रिंगही जोडीनं बदला. ऑइल जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० घ्या. इंजिन ऑइल उरलंय म्हणून ते ओतू नका, क्राउन-पिनियनचे दाते एकमेकांवर घासत सरकतात, त्यांना ते पुरत नाही.

आणि भाऊ, पुढच्या वर्षी खत दोन खेपांत आणा.

प्रश्न: माझ्याकडे वडिलांची जुनी पेट्रोल जीप आहे. चढावर मागचा उजवा शाफ्ट स्प्लाइनजवळ (आतल्या टोकावरच्या उभ्या खाचांजवळ) तुटला. लेथवाले म्हणतात, दोन्ही तुकड्यांना ‘व्ही’ मारून वेल्डिंग करून, लेथवर साफ करून देतो, १,२०० रुपये. नवा शाफ्ट मिळत नाही. चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: नाही. लेथवाल्यांना माझा नमस्कार सांगा आणि दोन्ही तुकडे पिशवीत घालून घरी घेऊन या.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९९१ च्या उन्हाळ्यात एका भाजीच्या जीपचा शाफ्ट असाच माझ्या लेथवर आला होता. वेल्डिंग शेजारी झालं, साफ मी केलं. चकाकणारा, सरळ, बोट फिरवलं तर सांधा लागणार नाही असा शाफ्ट मी त्यांच्या हातात दिला, आणि मला त्या कामाचा अभिमान वाटला होता. तीन आठवड्यांनी करूळ घाट उतरताना तो सांधा तुटला. चाक ड्रमसकट बाहेर आलं. ड्रम गेल्यावर ब्रेकचे पिस्टन बाहेर पडले, तेल सांडलं आणि चारही चाकांचा ब्रेक गेला. ड्रायव्हरनं गाडी डोंगराच्या अंगाला घातली म्हणून ती दरीत गेली नाही. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. मी त्याला भेटायला गेलो तेव्हा तो मला म्हणाला, ‘तुमचा काय दोष, मीच स्वस्तात करा म्हणालो होतो.’ दोष माझा होता. त्यानंतर वेल्ड केलेला शाफ्ट मी लेथला लावलेला नाही.

कारण समजून घ्या. तुमच्या जीपचा शाफ्ट सेमी-फ्लोटिंग आहे. तो चाक फिरवतो आणि गाडीचा भारही पेलतो. प्रत्येक फेऱ्यात तो एकदा वर, एकदा खाली वाकतो. ७०० मिलीमीटरच्या टायरला एका किलोमीटरमध्ये साडेचारशेच्या वर फेरे होतात. हे सगळं सोसावं म्हणून त्याची वरची कातडी कारखान्यात तापवून कठीण केलेली असते, आणि पिळाचा सर्वांत जास्त ताणही त्याच कातडीवर येतो. वेल्डिंगची आच नेमकी ती कातडी मारते. सांध्याच्या शेजारी एक पट्टा मऊ होतो, एक काचेसारखा ठिसूळ होतो. लेथवर कितीही साफ केलं तरी ते आत तसंच राहतं. फुल-फ्लोटिंग एक्सलमध्ये शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो, भार हबवर असतो. ट्रकला असतो तो, दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीलाही मागे तसाच होता. तिथे शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. तुमच्याकडे ती सोय नाही, म्हणून तुटलेल्या शाफ्टवर पुढच्या चाकांच्या जोरावर ‘हळूहळू घरी’ यायचाही प्रयत्न नको. मागची चाकं उचलूनच ओढून आणा.

स्वस्त उपाय आहे: भंगारातला शाफ्ट. तुकडे जुळवून एकूण लांबी मोजा आणि स्प्लाइन मोजा. जुन्या जीपमध्ये १० स्प्लाइनचे आणि १९ स्प्लाइनचे असे दोन्ही शाफ्ट सापडतात. या गाड्यांत मधला गोळा एका बाजूला सरकलेला असल्यामुळे डावा आणि उजवा शाफ्ट सारख्या लांबीचे नसतात, म्हणून ‘जीपचा शाफ्ट द्या’ एवढं सांगून चालणार नाही. दुकानात उभ्या उभ्या स्प्लाइनच्या रेषा डोळ्यासमोर धरून बघा. रेषा जराही पिळलेल्या दिसल्या तर परत ठेवा, तो शाफ्ट एकदा मरता मरता वाचलेला आहे. बरा दिसला तर चिरेची परीक्षा करा. शाफ्ट साफ धुऊन रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवायचा, सकाळी फडक्यानं अगदी कोरडा पुसायचा आणि वर खडूची बारीक भुकटी फासायची. चीर असेल तर आत शिरलेलं डिझेल बाहेर येतं आणि पांढऱ्या भुकटीत काळसर रेष उमटते. चावीची खाच, बेअरिंगची बैठक आणि स्प्लाइन संपतात ती जागा, या तीन ठिकाणी नीट बघा. माझे वस्ताद हीच परीक्षा करायचे आणि आजही मी चीर शोधायच्या फवाऱ्याचे महाग डबे नसले की हीच करतो. शेवटी लेथच्या दोन सेंटरमध्ये धरून सरळ फिरतो का ते पाहून घ्या. १,२०० रुपये लेथवाल्यांना द्यायचेच असतील तर त्यातले थोडे या कामाला द्या.

तुटलेलं तोंडही वाचता येतं. शिंपल्यावर असतात तशा गोल रेषा आणि घासून गुळगुळीत झालेला भाग दिसला तर ती चीर बरेच दिवस आत वाढत होती. तसं असेल तर डावा शाफ्टही त्याच वयाचा आहे, तोही काढून तपासा. सगळा भाग चकाकता आणि खडबडीत असेल तर एका झटक्यात गेलाय. आत राहिलेला तुकडा काढल्यावर मागचं झाकण उघडा, चुंबक फिरवा आणि गोळा डिझेलनं धुवा. पोलादाचा एक दाणा क्राउन-पिनियनमध्ये सापडला तर शाफ्टच्या कितीतरी पट खर्च करून ठेवेल.

प्रश्न: मी ताडोबात मोहर्लीला सफारीची जिप्सी चालवतो. मागच्या उजव्या चाकात तेल उतरतं. दर सीझनला दोनदा ऑइल सील बदलतो, तरी तेच. एक्सल वाकलेला नाही, मोजून घेतलाय.
— एक जिप्सीचालक, जिल्हा चंद्रपूर

उत्तर: मोजून घेतलंत हे फार चांगलं केलंत. आता एक्सलच्या हौसिंगवर असलेला छोटा ब्रीदर (आतली हवा ये-जा करायची वाट) काढून त्यातून फुंकून बघा. माझा अंदाज आहे की तो धुळीनं आणि चिखलानं बंद आहे. चालून चालून एक्सल तापतो, आतली हवा फुगते, आणि तिला वाट नसली की ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. तापलेला एक्सल नाल्यात उतरला की उलट होतं, आत ओढ लागते आणि सीलमधून पाणी शिरतं. तेल दुधाळ दिसतंय का बघा.

ब्रीदर साफ करा, आणि जमलं तर तिथून पेट्रोलच्या रबरी नळीचा तुकडा वर बॉडीपर्यंत नेऊन टोकाला दुचाकीचा छोटा पेट्रोल फिल्टर उलटा टांगून द्या. खर्च दोन-तीनशे रुपये. नळी इतकी सैल सोडा की एक्सल खाली लटकला तरी ती ताणली जाणार नाही.

तरीही गळलं तर शाफ्टवर सीलची कड जिथे फिरते तिथे नखानं चाचपा. खाच लागली तर नवं सीलही त्याच खाचेत बसून गळणार. सील दोन मिलीमीटर आत किंवा बाहेर बसवा म्हणजे कड कोऱ्या जागेवर येईल. बेअरिंग काढायची वेळ आली तर त्याच्यामागची दाबून बसवलेली रिंग गॅसनं कापू देऊ नका, शाफ्टला आच लागते. ग्राइंडरनं जवळजवळ आरपार खाच पाडायची आणि छिन्नीच्या एका घावात ती फुटते. रिंग दर वेळी नवीन घ्या, आणि बसवण्याआधी शाफ्टवर बॅकप्लेट चढवली आहे ना ते दोनदा बघा. ती राहून गेली तर सगळं पुन्हा उतरवावं लागतं आणि नवं बेअरिंग वाया जातं.

जिप्सीची एक सोय जीपला नाही. तिचा डिफरन्शियल पुढून बोल्ट काढले की अख्खा हातात येतो. जुलै ते सप्टेंबर जंगलाचा कोअर (आतला भाग) बंद असतो तेव्हा तो एकदा बाहेर काढून हौसिंगचा तळ पुसून घ्या. जिप्सीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, आहे तो माल जपूनच वापरावा लागणार.

प्रश्न: भंगारातून मागचा पूर्ण एक्सल आणून माझ्या जीपला बसवला. टू-व्हीलमध्ये गाडी छान चालते. फोर-व्हील टाकलं की चिखलातसुद्धा गाडी अडल्यासारखी होते, लिव्हर परत निघत नाही आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणारी पेटी) हात लावू देत नाही इतकी तापते.
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: कोरड्या डांबरावर फोर-व्हील टाकलं तर चांगल्या जीपलाही हा त्रास होतो. चिखलात होतोय म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलचा रेशो जुळत नाही. जुन्या जीपला बहुतेक वेळा क्राउनला ४३ आणि पिनियनला ८ दाते असतात, म्हणजे ५.३८. तुम्ही आणलेला ३९ आणि ८ चा, म्हणजे ४.८८ चा असेल तर दोघांत १० टक्क्यांचा फरक पडतो. १०० मीटर चालताना एका एक्सलला दुसऱ्यापेक्षा १० मीटर पुढे जायचं असतं. तो ताण चिखलात घसरून सुटतो, उरलेला ट्रान्सफर केस सोसते.

उघडल्याशिवाय कळतं. पुढची चाकं दगडांनी अडवा, गिअर न्यूट्रल, फोर-व्हीलचा लिव्हर बाहेर. जुन्या जीपचा हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवर (ट्रान्सफर केसपासून एक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्यावर) लागतो, म्हणून तो सोडलेला हवा. मागचं एकच चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या. प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. पाच फेरे आणि वर एक तृतीयांशाहून थोडं जास्त झालं तर ५.३८. पाचाला थोडं कमी पडलं तर ४.८८. मग मागची चाकं अडवून पुढच्या एक्सलचंही तसंच मोजा. फ्री-व्हील हब (पुढची चाकं शाफ्टपासून सोडवणारे) असतील तर ते आधी लावा.

रेशो वेगळा निघाला तर एक्सल परत करायची घाई नको. तुमच्या जुन्या हौसिंगमधलं क्राउन-पिनियन चांगलं असेल तर ते या हौसिंगमध्ये बसवता येतं. क्राउन आणि पिनियन जोडीनंच हलवायचे, एक इथला एक तिथला चालत नाही. पिनियनच्या शिमा नव्यानं लावून दात्यांवर रंग लावून ठसा बघावा लागतो. हे काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या, इथे मजुरी द्यावी लागेल. लिव्हर अडकला असेल तर गाडी दोन-चार फूट रिव्हर्स घ्या किंवा एक पुढचं चाक जॅकनं उचला, ताण सुटला की तो हातानं निघेल. काम होईपर्यंत तो पुन्हा टाकू नका, ओढ्यात अडकलात तर ट्रॅक्टर बोलवा.